सवतीचा टाक

"मला बघायला आलं तवा सुदीक एवढा येळ कुणी बघितलं न्हवतं," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

जोतीराम सर भिंगातून सासूबाईंचा टाक न्याहाळत होते. कडी झिजली म्हणून सकाळीच गळ्यातून काढलेला. बारामतीतल्या सोनारानं नवी कडी जोडायला साफ नकार दिला. "हे कुणा सोनारानं घडवलेलं दिसत नाही. आधी सरांना दाखवा," म्हणाला. सर इतिहासाचे निवृत्त मास्तर, जुन्या नाण्यांचे वेडे.

मामंजी खुर्ची सोडून दारात उभे. "निमगावची गाडी जाईल," परत म्हणाले.

टाक सवतीचा. पहिली बायको वारली की दुसरीनं तिची मूर्त उठवलेला टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सासूबाई एवढ्या नेमाच्या, की माझ्या लग्नाचा शालूसुद्धा आधी सवतीनं बघितला. आज त्यांचा हात सारखा गळ्याशी जात होता आणि रिकामा खाली येत होता. ती पहिली, कौसल्या, कशानं गेली हे मात्र घरात कुणी सांगत नाही. विषय निघाला की भावकीतल्या माणसांना नेमक्या म्हशी आठवतात.

सरांनी टाक काट्यावर ठेवला, काठानं फिरलेली अक्षरं बोटानं लावत वाचली. "नाणं आहे हे. रोमचं, अस्सल सोन्याचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा तिबेरियस बादशहा."

"बादशा?" सासूबाई उठल्याच. "म्हंजी बाप्या?"

"हा बघा. डोक्यावर पानांचा मुकुट."

"आन ही बसल्याली बाई?"

"ती मागची बाजू. देवी असेल, नाहीतर त्याची आई. बादशहा तुमच्या छातीकडं असायचा."

मला हसू आवरेना. "आत्याबाई, परक्या बाप्याला लुगडी दाखवली की हो जन्मभर!"

त्याही हसल्या, आणि मध्येच थांबल्या. दाराकडं वळल्या.

"अवो, तुमी तर म्हणला हुता, सोनाराकडनं घडवून आणलाय."

मामंजी रस्त्याकडं बघत म्हणाले, "हिरीपाशी नांगरताना घावलं हुतं."

"घावलं आन बांधलं माझ्या गळ्यात?" त्यांचा आवाज चिरकला. "माझं पयलं पोर गेलं, तवा सगळी म्हणली, सवतीचा कोप हाय. मी ह्या टाकाम्होरं नाक घासलं. न्हाय न्हाय ते उपास धरलं. मग मी पुजलं कुणाला? एक टाक करायला सोनार काय मेलं हुतं?"

सर भिंग पुसत बसले. मी सासूबाईंचा हात धरला.

मामंजींनी टोपी काढली, मुठीत चुरगाळली.

"सोनार न्हवतं मेलं," ते म्हणाले. "तीबी न्हवती मेली. मूल हुईना म्हणून मी सोडली तिला. मोरगावला भावाकडं असती. जित्या बाईचा टाक घडव म्हणून सोनाराला कुठल्या तोंडानं सांगू?"