दोन्ही पायांचं माप

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. हे म्हणणाऱ्यानं नवरदेवासाठी ऑनलाइन बूट मागवले असते, तर म्हणीत आणखी एक भर घातली असती. नवरदेवाचा पोशाख आणि बूट मुलीकडच्यांनी करायचे, ही नवरीच्या गावची, हसनाबादची रीत. मंडपात बूट घडीघडी काढावे लागतात, तिथं नाड्यांची भानगड नको, म्हणून नवरीनं, मीनानं, मोबाइलवर तपकिरी लोफर पसंत केले होते. घोडं अडलं ते नंबरापाशी.

नवरदेव सोमेश्वर जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कामाला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, कुठला आठ येतो, कुठला नऊ. बूट विकणाऱ्यांनी लिहिलं होतं, की कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा, दोन्ही पाय मोजा. मीनानं तसं कळवलं. फोटो आला तो एकट्या उजव्या पायाचा. दुसराही तसाच आहे, असं खाली लिहिलेलं.

तिचे वडील काकासाहेब म्हणाले, तेवढं पुष्कळ झालं. त्यांच्या वेळी बाजाराला जाणाऱ्याजवळ एका पायाच्या मापाची खराट्याची काडी दिली, की चपला बराबर यायच्या. पण मीना हट्टाला पेटली. तिनं डावा पाय तीनदा मागितला. मग सोमेश्वरचे मेसेज यायचेच थांबले. आपण बुटापायी सोयरीक मोडतो की काय, या धास्तीनं दोन दिवस ती सारखी मोबाइल उघडून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची मोटारसायकल दारात उभी राहिली. मीनाची आई गोजरबाई हिनं दिलेला पाण्याचा तांब्या त्यानं तोंडाला न लावता खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. चार वर्षांपूर्वी तो लोखंडाच्या मिलमध्ये असताना तापलेली सळई डाव्या पायावर आली होती. पाचही बोटं गेली. तेव्हापासून तो बुटाच्या टोकाशी चिंध्या कोंबून चालतो. साखरपुड्यात त्यानं मोज्यात कापूस भरला होता. लग्न जुळवणाऱ्या त्याच्या काकांनीच तसं बजावलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे एवढ्या शहाण्या माणसाला कोण सांगणार?

"मंडपात तुम्ही माझे पाय धुतानी कळलंच असतं, मामा," तो काकासाहेबांना म्हणाला आणि त्यानं दाराशी उभ्या मीनाकडे बघितलं. "पर तवा यांना न्हाई म्हणायला जागा राह्यली नसती. म्हणून आज आलो."

गोजरबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

"मीना, तूच सांग," काकासाहेब म्हणाले. "आमची कुनाची जबरदस्ती न्हाई."

मीनाला राग आला होता, भयंकर राग. पायाचा नव्हे. सगळ्या गावासमोर तिनं अंगठी घालून घेतली, तेव्हा नवऱ्याकडचे सगळे जाणत होते आणि ती एकटीच आंधळी होती, याचा. बूट आले असते, हळद लागली असती, आणि मग पाट मांडल्यावर तिला कळलं असतं. जा म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

पण तिच्या मनात दुसरंही आलं. उजव्या पायाच्या मापाचाच फोटो मोबाइलवर आरशासारखा उलटवून त्यानं पाठवला असता, तर डावा पाय म्हणून तो सहज खपून गेला असता. दोन दिवस त्याला हे सुचलं नसेल, असं नाही. तरी तो चाळीस किलोमीटर गाडी मारत दारात आला होता.

"आधी सांगायला पाह्यजे होतं," ती म्हणाली. "ह्याचा राग मला लई दिवस राहीन."

सोमेश्वरनं मान हलवली. मीना आत गेली, वही-पेन्सिल घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात खाली बसली.

"डावा बूट काढा. दोन नंबरांचे दोन जोड मागवते."

त्यानं बूट काढला, चिंध्या काढल्या, मोजा काढला. पाय कागदावर ठेवला. मीनाची पेन्सिल टाचेपासून निघाली, कडेकडेनं पुढं सरकली आणि जिथं करंगळी असायला हवी तिथं लवकरच वळली. तिचे डोळे भरून आले. सोमेश्वरला ते दिसलं आणि तो पाय मागं घेऊ लागला.

मीनानं त्याचा घोटा घट्ट धरला.

"हलू नका," ती म्हणाली, "माप चुकतं."