बोनेट आणि चार सूत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावापासून सात किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांना लागून संघपालचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार लाकडी खांब, वर टिनाचे पत्रे, आणि ‘येथे सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त होतील’ असा बोर्ड. बोर्डावरच्या ‘सर्व’ या शब्दाला आजवर कुणी आव्हान दिलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी सत्यशीलाबाईंची अँबेसेडर दारात येऊन थांबली आणि ते झालं.

गाडीचं बोनेट निळ्या नायलॉनच्या दोरीनं बंपरला बांधलेलं होतं. तरी पुढून चार बोटं उघडंच.

“जय भीम, बाई. दोरी बदलून देऊ?” संघपालनं विचारलं.

“दोरी काढूनच टाक. सोमवारी चंद्रपूरले पासिंग हाये. मागच्या खेपेले सायबानं लिहूनच देल्लं, बोनेट बंद होत नाई म्हणून. आता नाई झालं तं गाडी भंगारात.”

संघपालनं हातातला पाना खाली ठेवला. भंगार हा शब्द त्याच्या रोजच्या वापरातला होता; पण या गाडीबद्दल कधी वापरला नव्हता.

सत्यशीलाबाई उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होत्या. त्या काळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली की ती ‘निघाली आहे’ एवढंच कळे, पोचल्याचं क्वचित. म्हणून बाईंनी ही जुनी गाडी घेतली, स्वतः चालवायला शिकल्या आणि अडलेल्या बायांना दवाखान्यात नेऊ लागल्या. चार पोरं तर वाटेतच, मागच्या सीटवर जन्मली. त्यातलं एक संघपालची साक्षी, आता नागपूरला कॉलेजात. दुसरा निकेश, आता ग्रामपंचायत सदस्य. या गाडीविषयी मत देणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं निकेश मानतो, आणि नोंदी पाहता त्याला खोटं पाडता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी गाडीचं मूळ इंजिन संपलं. संघपालनं एका मोडीत निघालेल्या पिकअपचं डिझेल इंजिन त्यात बसवलं. कागदांवर रीतसर नोंद झाली, गाडी पळू लागली, फक्त बोनेट मिटेना. “इंजिनच उंच हाये, त्याले मी काय करू,” असं संघपालनं इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी त्यालाही ते पटलं.

तेवढ्यात निकेश आलाच. “काऊन येवढा विचार करून राह्यले, संघपालभाऊ? बोनेट मधात कापा, वरून टोपी बसवा. मोबाईलवर दाखवतो, अमेरिकेत असंच करतात.”

“अन् तिथी पासिंगबी तेच लोक करून देतात का?” बाई म्हणाल्या. “तुझ्या माईच्या वक्तालेबी सगळे म्हणे, नागपूरले न्या, कापा लागते. मी म्हटलं, थांबा जरा. दुसऱ्या मैलावर आपसूक आलास. संघपाल, कापणं शेवटी. आधी कुठी अडलं ते पाहू.”

कुठं अडलं हे पाहायची संघपालची पद्धत होती. तो गॅरेजमागच्या आपल्या घराच्या दारी गेला. “धुरपता, कणकेचे दोन गोळे दे. तेलाचा हात लावून.”

“आता इंजिनाले पोळ्या चारून राह्यले का?” धुरपता म्हणाली, पण दिले. नवऱ्याला जेवणाची शुद्ध नसते आणि इंजिनाला न्याहारी लागते, हे तिनं केव्हाच स्वीकारलं होतं.

एक गोळा एअर फिल्टरच्या डब्यावर, एक इंजिनाच्या डोक्यावर. बोनेट दाबलं, उचललं. फिल्टरवरच्या गोळ्याचा पापड झाला होता. संघपालनं तो डबा तिथून काढून बाजूला, बॅटरीशेजारी बसवला, नळी जोडली. पुन्हा गोळा, पुन्हा दाब. आता इंजिनाच्या डोक्यावर पापड. कुलूप लागायला चार सूत कमी पडत होते. चार सूत म्हणजे अर्धा इंच. पहिला पापड जमिनीवर ठेवला होता तो कोंबडीनं खाल्ला, त्यामुळे पहिलं मोजमाप कोंबडीच्या पोटात राहिलं.

“कापा म्हणतो तं ऐकत नाई,” निकेश म्हणाला.

बाईंनी पदर खोचला, वाकल्या आणि इंजिनाच्या बगलेतून हात खाली घातला. डोळे मिटले. एकतीस वर्षं त्यांनी असंच, न बघता बघितलं होतं.

“संघपाल, हे रबराचं काय लागून राह्यलं हाताले? इकडंबी हाये, तिकडंबी.”

संघपालनं वाकून पाहिलंही नाही. ते ट्रॅक्टरच्या टायरचे तुकडे होते. एक इंजिनाच्या या पायाखाली, एक त्या पायाखाली, एक मागे गिअरबॉक्सखाली. त्यानंच घातलेले. या भागात गॅरेजला गाडी आली की पहिलं काम तेच: बांध्यांतल्या वाटेवर तेलाचं चेंबर घासू नये म्हणून इंजिन उचलून टायर घालायचा. कार असो, जीप असो. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. जेवायच्या आधी हात धुवावा तसं ते होऊन जातं. नव्या इंजिनालाही त्यानं तेच केलं होतं आणि दोन वर्षं उंचीचा दोष इंजिनाला लावला होता.

‘कंपनीचंच आहे’ असं सांगून टाकावं, असं त्याला क्षणभर वाटलं. निकेश ऐकत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. साक्षी त्या सीटवर रडली होती, तेव्हा तो बाहेर चिखलात उभा राहून रडत होता.

“मीच टाकलं व्हतं, बाई,” तो म्हणाला. “इंजिन उंच नाई. मीच उंच केलं.”

“माहीत हाये,” बाई हात पुसत म्हणाल्या. “चेंबर घासते म्हणून मीच तं बोंबलत व्हती तुझ्यापाशी. आता काढ. गावात सिमेंटचा रस्ता झाला ना?”

“झाला,” निकेश छाती काढून म्हणाला. “पूर्ण.”

दुपारी साखळीनं इंजिन उचलून टायरचे तिन्ही तुकडे काढले. प्रत्येकाची जाडी सहा सूत होती. इंजिन हळूच खाली बसलं. पुन्हा कणीक, गोळा दोन सूत उरला. पण इंजिन चालू झालं की अंग झटकतं, हे संघपालला आता कुणी सांगायची गरज नव्हती. गोळा तसाच ठेवून, बोनेट मिटून त्यानं गाडी चालू केली, बाईंना रेस द्यायला सांगितलं. उघडून पाहिलं तर एक सूत उरलं होतं. कमी होतं, पण स्वतःचं होतं.

मग त्यानं बोनेट शेवटचं मिटलं. खट्ट. दोन वर्षांत पहिल्यांदा. धुरपता घरातून बाहेर आली.

सोमवारी चंद्रपूरला साहेबानं बोनेट तीनदा उघडलं, तीनदा लावलं. इंजिनाच्या डोक्यावर काहीतरी वाळलेलं चिकटलं होतं ते नखानं खरवडून विचारलं, “हे काय?”

“कणीक,” बाई म्हणाल्या.

साहेबाच्या फॉर्ममध्ये कणकेचा रकाना नव्हता. त्यानं सही केली. गाडीला पाच वर्षं मिळाली.

परतताना बाई चालवत होत्या, शेजारी संघपाल, मागे आपल्या जन्मस्थानी निकेश; रस्त्याच्या बिलाबद्दल त्याचं चंद्रपुरात काही काम होतं. ‘काम पूर्ण’ लिहिलेल्या पाटीपाशी सिमेंट संपलं. पुढे चारशे मीटर जुनीच वाट, दोन चाकोऱ्यांच्या मधोमध उंचवटा. गाडीचं पोट त्यावर खर्रकन घासलं. बाईंनी ब्रेक दाबला.

संघपालची नजर, सवयीनं, वाटेच्या कडेला पडलेल्या जुन्या टायरवर गेली.

“ते पाहू नको,” बाई म्हणाल्या. “आता गाडी उचलायची नाई, वाट भरायची. अर्ज मी लिहिते, सही तू पहिली कर. निकेश, दुसरी तुझी.”

“हो बाई,” निकेश म्हणाला.

“अन् खाली उतर. तू उतरलास का चार सूत तं वर येतेच.”

निकेश उतरला. गाडी न घासता पुढे निघाली आणि सदस्य आपल्या पूर्ण झालेल्या रस्त्यावरून, पँट वर धरून, तिच्यामागे चालत निघाले.