मॉर्फिडची जीभ

कायरफिली गावच्या शनिवारच्या बाजारात चीज करण्यात मॉर्फिडचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट तिला स्वतःलाच सगळ्यात जास्त पटलेली. ताज्या चकत्या मिठवणीच्या पिंपात बुडवायच्या आणि वेळेवर बाहेर काढायच्या, सगळी मेख तिथेच. शेजारणी घड्याळ बघत. मॉर्फिड चकतीचा तुकडा काढून जिभेवर ठेवी आणि सून नेस्ताला हुकूम सोडी. जड चकत्या उचलण्यापुरती नेस्ता. दूधघराची किल्ली सासूच्या कमरेला. "माझी जीभ शाबूत आहे तोवर ती इथेच," असं ती येईल त्याला ऐकवायची.

त्या आठवड्यात नेस्ता आजारी आईला बघायला माहेरी गेली होती. शनिवारी ती परस्पर बाजारातच आली, तेव्हा खाणीतला इल्टिड डब्यासाठी चीज घेत होता. त्याने तुकडा चाखला आणि रुमालात थुंकला.

"मावशी, अख्खा समुद्र ओतलास की काय यात? हे खाऊन खाणीत उतरलो तर तिथल्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचं पाणीसुद्धा पिऊन टाकीन मी."

बायका हसल्या. मॉर्फिड भडकली. "तुझ्या तोंडात कोळसा बसलाय, तुला काय चव कळणार?" तिने मोठा तुकडा मोडून सावकाश चघळला. "खारट कुठलं? उलट जरा आळणीच राहिलंय."

आता कोणीच हसेना. इल्टिड तिच्याकडे बघतच राहिला. नेस्ताने एक कण जिभेला लावला आणि डोळे घट्ट मिटले.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही 'राहू दे अजून' म्हणायच्या ना, तेव्हा मी 'हो' म्हणायचे आणि तुमची पाठ वळली की चकत्या काढून ठेवायचे."

"कधीपासून?"

"मामंजी गेले त्या हिवाळ्यात तुम्हाला मोठा ताप आला होता. तेव्हापासून."

गेल्या जत्रेत मॉर्फिडला बक्षीस मिळालं होतं, आणि ते हातात घेऊन चारचौघांत ती सुनेला म्हणाली होती, याला जीभ लागते, तुझ्यासारखे नुसते हात नव्हेत. ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर ती टोपीही न काढता दूधघरात गेली. पोत्यातलं जाडं मीठ मूठभर घेतलं आणि तोंडात कोंबलं. नुसती वाळू. ती चावत राहिली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी चावत राहिली, आणि कमरेची किल्ली सोडून तिने दारात उभ्या नेस्तापुढे धरली.

"आई, आधी थुंका बघू ते," नेस्ता म्हणाली आणि तिने सासूच्या तोंडाखाली आपली ओंजळ धरली.