दोन बॅटऱ्यांची बेरीज

चिमीनं मीटरच्या सुया बॅटऱ्यांच्या जोडणीच्या दोन टोकांना टेकवल्या आणि आकडा पाहिला.

"शून्य!"

वादळानं तारा तुटल्या होत्या, सकाळपासून लाइट नव्हती. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनी नेमकी आजच मान टाकली होती. पलंगाशेजारचं आईचं ऑक्सिजनचं यंत्र गप्प होतं आणि राखीव सिलिंडरचा काटा लाल पट्टीत शिरला होता. चिमीनं घाबरून दोन्ही भावांना फोन केले. दोघं आले आणि दारात लावलेल्या आपापल्या गाडीची बॅटरी काढून आत घेऊन आले. इन्व्हर्टरला चोवीस व्होल्ट लागत. बारा आणि बारा चोवीस, एवढं शाळकरी पोरालाही कळतं.

पण वडील गेल्यापासून या दोघांत विस्तव जात नव्हता. एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडायचा, तर आधी विचारावं लागलं असतं. दोघांनीही दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली वायर न बोलता आपापल्या प्लसला आवळली होती.

"दोन्ही प्लस एकत्र केलेत. अशानं एक बॅटरी दुसरीला खाते," चिमी म्हणाली. "बदला."

दोघांनी मुकाट्यानं पाने उचलले. दोघांनीही वायर काढून मायनसला लावली. मीटरवर पुन्हा शून्य.

"अरे, दोघांनी नाही, एकानं! मूग गिळून काय बसलात? आईकडे बघा जरा!"

आईचे ओठ निळसर दिसत होते.

थोरल्यानं घसा खाकरला. "तुझी राहू दे. मी फिरवतो."

"बरं, दादा," धाकटा म्हणाला.

मीटरवर चोवीसच्या थोडं वर, पंचवीस आले. इन्व्हर्टर जोडताच यंत्र सुरू झालं. आईच्या ओठांवर हळूहळू रंग परतला, तेव्हा कुठे चिमी भिंतीला टेकून पोटभर रडली.

"लाइट आली की बॅटरी काढून निघतो," थोरला म्हणाला.

"मलाही जायचंय," धाकटा म्हणाला. उठलं मात्र कुणीच नाही.

"तुझी बॅटरी केव्हाची रे?"

"गेल्या वर्षीची. तुझी?"

तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिज घरघरला. फ्रिज इन्व्हर्टरवर नव्हता. चिमीनं दचकून भावांकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. आईचं होतं, तिनं चटकन डोळे मिटून घेतले. चिमी उठली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"आली का गं लाइट?" थोरल्यानं विचारलं.

"कसली येतेय मेली," चिमी म्हणाली. "बसा दोघं. चहा टाकते."