एका भाकरीचं माप

"चपला काढू का?" दौलतने विचारलं.

"काढा. पण त्याने फार फरक पडणार नाही, काका," योगिनी म्हणाली.

तो काट्यावर चढला आणि श्वास आत ओढून उभा राहिला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्याची बायको कांता म्हणाली, "सोडा तो श्वास. फोटो नाही काढत तुमचा."

काटा गेल्या महिन्याच्याच आकड्यावर येऊन थांबला. दौलतने खाली पाहिलं, पण मध्ये पोट होतं. योगिनीच्या चेहऱ्यावरूनच त्याला काय ते समजलं.

ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात तळमजल्याच्या टोकाला आहारतज्ज्ञांची ही लहानशी खोली होती. योगिनी वयाने त्यांच्या मुलीएवढी, रचनाएवढी असेल. कांताच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि तिचं डायलिसिस सुरू होतं. रचनाचा रक्तगट जुळला नव्हता. दौलतचं सगळं जुळलं होतं. फक्त मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवून सांगितलं होतं, "ही चरबी उतरल्याशिवाय तुमची किडनी मी काढणार नाही. पुढे तुम्हाला एका किडनीवर जगायचंय." म्हणून तो इथे येत होता.

"भात सोडला होतात ना?" योगिनीने विचारलं.

"पूर्ण. शितालासुद्धा शिवलो नाही."

"मग सकाळी काय खाता?"

"पोहे."

"आणि संध्याकाळी?"

"कुरमुरे. हलके असतात ना. रविवारी फक्त इडली. उकडलेली, तेल नाही काही नाही."

योगिनीने पेन खाली ठेवलं. हसू आवरायला तिला थोडा वेळ लागला. "काका, पोहे म्हणजे तांदूळ. कुरमुरे म्हणजे तांदूळ. इडलीतही तांदूळच. तुम्ही भात सोडलाच नाहीत, कपडे बदलून खाल्लात."

कांता मान खाली घालून हसली. दौलतलाही हसू आलं, पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी कळली नाही, हे त्याला टोचत राहिलं. तसा तो स्वतःवर फारसा भरवसा ठेवणारा माणूस नव्हताच.

मग योगिनीने नीट समजावलं. ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, जेवणाला एकच. बरोबर उसळ आणि भरपूर भाजी. पाव, बिस्किटं, साखरेचा चहा बंद. कांताचं मात्र उलट होतं. तिच्या तपासण्या बघून योगिनीने तिला ज्वारी-नाचणी बंद केली होती. पांढरा भात चालणार होता, तोही मोजका; आणि बटाटा उकडून, ते पाणी फेकूनच.

"म्हणजे यांचं ताट मला आणि माझं यांना," कांता म्हणाली.

ते खरंच होतं. दौलत महाडकडचा, भाताच्या घरातला. कांता जालन्याकडची, दिवसातून एकदा भाकरी मोडली नाही, तर जेवल्यासारखं वाटत नाही असं म्हणणारी. विठ्ठलवाडीच्या चाळीत संसार मांडल्यापासून या घरात दोन्ही चुली चालायच्या, असं शेजारी चेष्टेनं म्हणत. आधी ती त्याचा भात लावायची, मग स्वतःपुरती भाकरी थापायची. पुढे तिने घरातूनच भाकऱ्या विकायला सुरुवात केली. तिची पहिली भाकरी आणि शेवटची भाकरी एकमेकींवर ठेवली, तर कड कडेला लागायची. आजारपणाने ते काम सुटलं. डाव्या हातावर डायलिसिससाठी शिरा जोडून फिस्टुला केलेला, त्या हाताला जोर द्यायचा नाही. तरी दौलतची भाकरी ती उजव्या हाताने थापून द्यायचीच. दुसऱ्या कुणाला परातीला हात लावू देत नसे.

दौलत पालिकेत चावीवाला होता. गल्लीगल्लीत जाऊन पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. पाणी ज्याच्या हातात, त्याला चहा कोण देत नाही? सोसायट्यांचे वॉचमन, दुकानदार, पहाटे हंडे घेऊन उभ्या बायका, सगळे त्याला काही ना काही खाऊ घालत आले होते. नाही म्हणायची त्याला भीड वाटे. आता मात्र तो नाही म्हणायला शिकला.

"साहेब, वडा गरम आहे," टपरीवाला सलिल म्हणायचा.

"असू दे रे. बायकोचं काम आहे."

"वहिनींनी मनाई केली काय?"

"हां, तसंच समज," म्हणून तो पुढे जायचा.

दुपारी पंपघराच्या सावलीत बसून तो डबा उघडायचा. एक भाकरी, मटकीची उसळ, मेथी. ज्वारीची चव त्याच्या जिभेवर काही बसली नाही. घास घोळवत घोळवत तो गिळायचा. पण भूक राहायची नाही, याचं त्याला नवल वाटे. एकाच भाकरीत पोट भरतं, म्हणजे शरीर वळणावर आलं, असा त्याने अर्थ लावला आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं.

पुढच्या वेळी काटा पुन्हा तिथेच थांबला.

"पोहे?" योगिनीने विचारलं.

"नाही."

"बाहेरचं?"

"नाही हो. कुणालाही विचारा. एकच भाकरी खातो मी."

त्याचा आवाज पडला. योगिनीची नजर त्याच्या पिशवीतल्या डब्याकडे गेली. "बघू का जरा?"

डबा कांताने भरला होता. योगिनीने भाकरी उचलली, दोन बोटांत धरून तिची जाडी पाहिली आणि हलकेच टेबलावर ठेवली. "काका, ही एक नाहीये. या दोन आहेत. रोज एवढीच असते?"

दौलतने भाकरीकडे पाहिलं. रोज हातात धरलेली ती भाकरी त्याने आज पहिल्यांदा पाहिली. कांता भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे बघत होती. वजनकाट्याशिवाय गोळे तोडणारी ती बाई. तिच्या हातून माप चुकेल, हे दौलतला खरं वाटेना.

"आधी पातळ असायची," तो एवढंच म्हणाला.

विषय कसा काढायचा म्हणून घरी आल्यावर तो शब्द जुळवत बसला आणि ते जुळेनात. सकाळी मात्र कांता दात घासून आली, तेव्हा तो ओट्यापाशी परात घेऊन उभा होता. बाही वर केलेली, मनगटापर्यंत पीठ.

"हे काय?"

"भाकरी करतोय."

"बाजूला व्हा. नासवाल पीठ."

तो बाजूला झाला नाही. त्याने थापलेली भाकरी तव्यावर जाताना मधोमध फाटली. कांता स्टुलावर बसून बघत राहिली.

"पाणी गार घेतलंत," ती म्हणाली.

"का गं केलंस तसं?"

तव्यावरचे तुकडे करपायला लागले, तेव्हा उठून तिने गॅस बारीक केला. "तुम्ही धडधाकट आहात. घरात एक आजारी आहे तेवढं पुरे. त्या पोरीने काट्यावर पास केलं असतं, तर तुम्ही गेला असतात टेबलावर. आणि काही झालं म्हणजे? मला डायलिसिसची सवय झालीय आता."

"मग तोंडाने बोलायचं."

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

त्याने मान हलवली. नसतं ऐकलं.

"मी विचारलेलं योगिनीला," तो परातीत बघत म्हणाला. "किडनी नीट चालली, तर डॉक्टर तुला हळूहळू भाकरी सुरू करतील बोलली. तू भाताचं ताट घेऊन बसतेस ना, तेव्हा माझ्या ताटाकडे बघतेस. मला दिसतं ते. मला हे ज्वारीचं आवडत नाही, कांता. अजिबात आवडत नाही. तू खायला लागलीस की मी पुन्हा भाताला मोकळा."

"भाताला मोकळे म्हणे," ती म्हणाली. बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलं आणि बादलीत धार पडू लागली.

दौलतने गरम पाणी घेऊन दुसरा गोळा मळला. तळहाताने रगडताना त्याचं कोपर ओट्यावर आपटत होतं. गोळा परातीत ठेवून त्याने पीठ भुरभुरलं आणि हात उचलला.

"थांबा," कांता म्हणाली.

ती जवळ आली. उजव्या हाताने तिने तो गोळा उचलला, तळव्यावर क्षणभर तोलला, मग मधोमध तोडून निम्मा पुन्हा पिठात ठेवला. उरलेला परातीच्या बरोबर मध्ये ठेवून ती मागे सरली.

"आता थापा," ती म्हणाली. "कडेनं. पातळ."