पॉकलिंग्टन अध्यासन

हिल्डा मेटकाफबाईंची सारी हयात व्हिक्टोरिया राणीच्या काळातले लाचखोर उकरून काढण्यात गेली होती. कोणत्या बिअरवाल्याने कोणत्या गावच्या मतदारांना फुकट पाजून पार्लमेंट गाठलं, हे त्यांना तोंडपाठ. तरी त्या जिथे साध्या व्याख्यात्या होत्या, त्या हॅल्डरविक विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद काही दिलं नव्हतं. मेलेले चोर पकडून विद्यापीठाच्या पदरात काय पडणार?

मग एक दिवस कुलगुरूंनी स्वतःच्या हाताने त्यांना चहा करून दिला. बाई तिथेच सावध झाल्या.

"हिल्डा, 'सार्वजनिक सचोटी' या विषयाचं अध्यासन काढतोय आपण. तुमच्याशिवाय आहे कोण?"

"पैसा कुणाचा?"

"पॉकलिंग्टन यांचा," कुलगुरू बिस्किटाकडे बघत म्हणाले.

पॉकलिंग्टन म्हणजे गावातल्या रस्त्यांचे कंत्राटदार. रस्ते दर हिवाळ्यात उखडत आणि कंत्राट दर वसंतात त्यांनाच मिळे. नगरपालिकेचे सभासद अधूनमधून त्यांच्या स्पेनमधल्या बंगल्यावर ऊन खाऊन येत.

"ही सरळसरळ लाच आहे!" विभागातल्या शेजारच्या खोलीतला त्यांचा सहकारी कॉलिन कडाडला. "मी असतो ना, तर थुंकलो असतो त्या खुर्चीवर!"

बाईंनी होकार दिला, पण मनात बेत ठेवून. पहिल्याच व्याख्यानात, भरल्या सभागृहात, त्यांनी जुन्या बिअरवाल्यांची सालटी काढली. आधी गाव विकत घ्यायचं, मग त्याच गावाला बाग नि वाचनालय देऊन पुण्यवान म्हणून मिरवायचं! टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतले पॉकलिंग्टन सगळ्यांत जोरात वाजवत होते.

व्याख्यानानंतरच्या मेजवानीत बाईंना राहवेना. "साहेब, मी तुमच्याबद्दल बोलत होते."

"कळलं की!" मटण कापता कापता पॉकलिंग्टन म्हणाले. "सगळ्यांनाच कळलं. झकास बोललात. आमच्या माणसांसमोर बोलाल का एकदा?"

बाईंनी कुलगुरूंकडे पाहिलं. ते बटाटे वाढून घेत होते. सगळ्यांना कळलं होतं, आणि कळूनच त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या उठल्या, कोट चढवला आणि बस धरून घरी आल्या.

सकाळी त्यांनी अध्यासनाचा राजीनामा दिला आणि आपल्या जुन्या जागेवर परतल्या. कुणी रागावलंसुद्धा नाही, हेच त्यांना जास्त लागलं. आठवडाभरात अध्यासनावर कॉलिन बसला.

"आत राहूनच लढायला हवं गं, कुणीतरी," तो खाली बघत म्हणाला.

"लढ बाबा," बाई म्हणाल्या आणि पहिल्या वर्षाच्या तासाला गेल्या. वर्गात मोजकीच मुलं होती, त्यातली दोन पेंगत होती. बाईंनी खिडकी उघडली, गार वारा आत घेतला आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात शिकवायला सुरुवात केली.