बत्तीस तारांची सायकल

"ही तुमाले झेलनार नाही, काका." दुकानाचा मालक ऋषिकेश लाल सायकलीच्या मागच्या चाकावरून बोट फिरवत म्हणाला, "तारा कमी हायेत. रोज एक तुटन."

चंद्रभान पोट आत घेऊन उभे होते. एकशे बारा किलोंचा माणूस, पाणीपुरवठा कार्यालयातला कारकून. सायकलीच्या दुकानात आपण विनोदी दिसतो, हे त्यांना पायरी चढतानाच जाणवलं होतं. पण बायकोला, शामलाला, किडनी द्यायची होती. रक्तगट जुळला होता. डॉक्टर म्हणाले होते, आधी वीस किलो उतरवा, मग बघू. चालून गुडघे धरायचे, म्हणून सायकल.

शामला काचेजवळच्या स्टुलावर बसली होती. धंतोलीतल्या दवाखान्यातून डायलिसिस आटोपून दोघं थेट इकडे आले होते. आजच घ्यायची, हा हट्ट तिचाच.

"पन लाल मस्त हाये ना? गिअर अकरा, उचलाले हलकी," चंद्रभान चाचरत म्हणाले. "वजन उतरलं का चालन मले."

"सायकल आजच्या वजनाची घ्या काका, उद्याच्या नाही. ही काळी पाहा. गिअर आठच, पन मागची चकती मोठी, चढावर दम लागनार नाही. बत्तीस तारा, डिस्क ब्रेक."

"दिसाले म्हैस हाये."

"मंग जोडी जमली," शामला म्हणाली. ऋषिकेश मान खाली घालून हसला.

"किती वर्षं झेलन गा हे यायले?" तिनं विचारलं.

"दहा-बारा वर्षं पाहाचं काम नाही, काकू."

"मंग हेच दे."

चंद्रभानना बरं वाटलं. "मागं कॅरिअर लागते का याले? बरी झाली का इले डबलसीट फुटाळा तलावावर नेतो."

"कॅरिअर नको," शामला म्हणाली.

"काहून?"

ऋषिकेश पाना आणायला आत गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मागच्या सोमवारी तुम्ही औषध आनाले खाली गेले होते ना, तवा डॉक्टर बोलले. माहं हार्ट हे ऑपरेशन झेलनार नाही म्हने. किडनी कोनाचीबी असो."

चंद्रभानना पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. मग म्हणाले, "मंग सायकल काहून घेऊन राहिली वं?"

"तुम्ही राहान ना मागं. वजन तं उतरवाच लागन."

त्यांनी सायकलीची दांडी धरली. आठवडाभर ती त्यांना रात्री एकच पोळी वाढत होती. दुसरी मागितली तर डोळे वटारत होती. सगळं माहीत असताना.

ऋषिकेश बाहेर आला. "कॅरिअरचं काय करू, काका?"

"लाव."

"पन पंचवीस किलोच झेलते ते. मानूस नाही बसत."

"तेवढी हलकी व्हाले मले टाइम हाये अजून," शामला म्हणाली. कोणी हसलं नाही.

"लाव," चंद्रभान पुन्हा म्हणाले.

ऋषिकेश खाली बसून स्क्रू पिळू लागला. दुपारचं ऊन काचेतून सरकत स्टुलापर्यंत आलं होतं. शामलानं पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. चंद्रभान काचेच्या आणि तिच्या मधे जाऊन उभे राहिले. त्यांच्या सावलीत ती सगळी मावली.